परदेशात सूट शिवून आणणे परवडते काय? (होई आन, बँकॉक की तालुक्याचा शिंपी)

केंद्रवाला_घाटंजी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचे घाटंजीला कृषी सेवा केंद्र आहे. ज्या कंपनीचे बियाणे आम्ही विकतो, तिने यंदाच्या स्कीममध्ये विक्रेत्यांची सहल व्हिएतनामला नेण्याचे ठरवले असून जानेवारीत दा नांग शहरात मुक्काम आहे. तेथून जवळच होई आन नावाचे जुने गाव आहे. त्या गावात एका दिवसात अंगाच्या मापाचा सूट शिवून मिळतो, तोही आपल्याकडच्या नामांकित दुकानातल्या तयार सुटापेक्षा कमी पैशांत, असे मागे जाऊन आलेल्या विक्रेत्यांकडून ऐकतो आहे.

एप्रिलअखेर मुलाचे लग्न आहे. स्वतःसाठी एक आणि मुलासाठी एक असे दोन सूट तेथेच शिवावेत असा विचार आहे. मात्र स्कीम एकट्या माणसाची असल्यामुळे मुलगा सोबत येणार नाही. त्याचे माप लिहून नेले तर चालेल काय? कापड खरे असते काय? गटाबरोबर गेल्यावर हे सगळे करण्याइतका वेळ मिळतो काय? ज्यांनी प्रत्यक्ष शिवून घेतले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अकोलेकर_दुबई

भाऊ, तूर्त एवढेच सांगतो: जो माणूस सोबत नाही त्याचा सूट शिवू नका. बाकी सवडीने लिहितो.

हिंगणघाटचा_कापूस

मी होई आनला एक सूट आणि वर एक जादा पँट शिवून घेतली आहे, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो.

गाव लहान आहे. तेथे विमानतळ नाही आणि रेल्वेही नाही. दा नांगहून साधारण ३० किलोमीटर रस्त्याने जावे लागते. थु बोन नदीकाठचे हे जुने बंदर युनेस्कोने १९९९ मध्ये जागतिक वारसा स्थळांच्या यादीत घेतले. पर्यटक वाढले तशी शिवणकामाची दुकानेही वाढली आणि आज जुन्या गावातल्या गल्ल्या त्यांनीच भरलेल्या आहेत. दुकानात मात्र शिवताना कोणी क्वचितच दिसते. तेथे कापडाचे ताके, नमुन्यांची पुस्तके आणि माप घेणाऱ्या चटपटीत मुली असतात. प्रत्यक्ष शिलाई बाहेरच्या कारखान्यांत किंवा कारागिरांच्या घरी होते, आणि एकाच कारखान्याकडे अनेक दुकानांचे काम जाते. त्यामुळे दुकान बदलले म्हणजे कारागीरही बदलला, असे गृहीत धरू नये.

पहिल्या संध्याकाळी माप दिले, दुसऱ्या दिवशी पहिली ट्रायल झाली. माझा उजवा खांदा जरा उतरता आहे, त्यामुळे कोट त्या बाजूला सुरकुतत होता. तेथल्या मुलीने खडूने खुणा केल्या, टाचण्या लावल्या, मोबाइलवर पाठीचा फोटो काढून कारखान्याला पाठवला. पुढच्या ट्रायलला बराच फरक पडला आणि त्याच्या पुढच्या खेपेला कोट नीट बसला. आमच्या गटातल्या ज्या मंडळींकडे एकच मोकळी संध्याकाळ होती, ती मात्र शेवटच्या रात्री जे हातात पडले ते घेऊन विमानात बसली. त्यांतल्या एका गृहस्थांच्या पँटीचे आसन इतके उथळ होते की पंगतीत मांडी घालून बसण्याची त्यांची सोयच राहिली नाही.

किमतीचे म्हणाल तर दोन कपड्यांचा सूट साधारण दीडशे ते चारशे डॉलरपर्यंत मिळतो. फरक मुख्यतः कापडाचा आणि आतल्या बांधणीचा असतो. महिना जानेवारी आहे हे बरे आहे. त्या भागात पावसाळा सप्टेंबर ते डिसेंबर असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात नदीचे पाणी जुन्या गावात शिरते.

निवृत्त_कटिंगमास्टर_पुसद

माझे आयुष्य कात्री चालवण्यात गेले आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो. एका दिवसात सूट होतो काय, तर होतो. पण तो कोणत्या पद्धतीने होतो हे गिऱ्हाइकाला माहीत असावे.

कोटाच्या पुढच्या भागात कापड आणि अस्तर यांच्यामध्ये एक थर असतो आणि कोटाची छाती त्याच्यावरच उभी राहते. जुन्या पद्धतीत घोड्याचे केस विणलेला कॅनव्हास घेऊन तो हाताने, सैल टाक्यांनी कापडाला जोडतात. अंगाच्या उबेने आणि वापराने तो माणसाच्या छातीचा आकार घेतो. नव्या पद्धतीत डिंक लावलेले ताठ कापड, म्हणजे बकरम, गरम प्रेसखाली चिकटवतात आणि काम काही सेकंदांत होते. लंडनच्या सॅव्हिल रो या गल्लीतल्या शिंप्यांच्या संघटनेने एका सुटाला किमान ५० तासांचे हातकाम ठरवून दिले आहे. यावरून २४ तासांत मिळणारा सूट चिकटवलेलाच असणार हे उघड आहे. त्यात लबाडी काही नाही, कारण आपल्याकडे मिळणारे बहुतेक तयार सूटही तसेच असतात. मात्र हलक्या प्रतीचे बकरम असेल तर काही वेळा ड्रायक्लीन झाल्यावर छातीवर फुगे येतात आणि ते कोणत्याही इस्त्रीने बसत नाहीत. ओळखायचे असेल तर कोटाच्या सर्वांत खालच्या काजाजवळ बाहेरचे कापड आणि आतली बाजू चिमटीत धरून अलग ओढून पाहावे. मध्ये तिसरा थर सुटा हलताना लागला तर कॅनव्हास आहे. नाही लागला तर चिकटवलेले आहे.

दुसरी बाब शिलाईमायेची. कारखान्यात शिवणीलगतचे जास्तीचे कापड छाटून टाकण्याची सवय असते. आपण ऑर्डर देतानाच सांगावे, आणि चिठ्ठीवर लिहून घ्यावे, की कोटाच्या पाठीच्या व बगलेच्या शिवणींत आणि पँटीच्या मागच्या शिवणीत चांगली एक इंच माया ठेवा. ती असली तर तुमच्या गावचा शिंपीही पुढे अनेक वर्षे तो सूट सैल-घट्ट करून देईल. खांद्याचे तसे नाही. खांदा चुकला तर तो उघडून बसवणे म्हणजे निम्मा कोट नव्याने शिवणे होय, आणि तेवढे कष्ट घ्यायला सहसा कोणी तयार होत नाही. म्हणून ट्रायलला उभे राहिल्यावर आधी खांदा पाहावा, मग मुंढा (बाही जोडलेली जागा), मग कॉलर मानेला लागून बसते की मागे उभी राहते ते पाहावे, हात पुढे करून मोटारसायकलचे हँडल धरल्यासारखे करावे. बाहीची लांबी, कंबर आणि मोहरी यांची चिंता तेथे करू नये, ती कामे घाटंजीलाही होतात.

आता मुलाच्या मापाविषयी. छाती ४० असलेली दोन माणसे एकाच कोटात बसत नाहीत. एक ताठ उभा राहतो, दुसरा थोडा वाकून. एकाचे पोट पुढे असते, दुसऱ्याची पाठ रुंद असते. हे मापाच्या कागदावर उतरत नाही, ते डोळ्यांनी पाहावे लागते. अगदीच करायचे असेल तर त्याला उत्तम बसणारा एखादा कोट नमुना म्हणून न्यावा, पण नवरदेवाच्या कपड्यावर हा जुगार मी खेळलो नसतो.

रानमेवा_मेळघाट

मास्टर, एक इंच पुरणार नाही. जानेवारीत माप आणि एप्रिलअखेर लग्न. मधल्या काळात नवरदेवाबरोबर वरपित्यालाही केळवणांना जावे लागणार, आणि आपल्याकडे पानात वाढलेले टाकण्याची पद्धत नाही. दोन इंच तरी ठेवा.

इतवारीची_लेक

माझे माहेर नागपूरचे, आणि इतवारीतला सूटिंगचा घाऊक व्यापार मी लहानपणापासून पाहिला आहे. मला या धाग्यातला मूळ समजच तपासून पाहावासा वाटतो. होई आनचा सूट स्वस्त आहे, पण कोणासाठी? सिडनीहून किंवा लंडनहून आलेल्या माणसाला तो स्वस्त आहे, कारण त्याच्या देशात शिंप्याची मजुरीच मोठी आहे आणि तेथे अंगावर शिवलेला सूट सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेला आहे. आपल्याकडे कारागिराची मजुरी व्हिएतनामपेक्षा जास्त नाही. मग आपण कोणता फरक वाचवतो?

हिशेब मांडा. मोठ्या पन्ह्याच्या, म्हणजे सुमारे ५८ इंची कापडाचे तीन ते सव्वातीन मीटर एका सुटाला लागतात. भिलवाड्याचे पॉली-व्हिस्कोज सूटिंग गांधीबाग-इतवारीत काही शेकडा रुपये मीटरने मिळते, लोकरमिश्रित कापड त्याच्या पुढे जाते. त्यात शिलाई, अस्तर, बटणे धरली तरी दीडशे डॉलरच्या आतच राहतो, आणि त्या किमतीला तेथे जे कापड देतात ते बहुतेक वेळा पॉलिएस्टरच असते. म्हणजे तोच माल, तीच बांधणी; वर नागपूरचा शिंपी पुढच्या वर्षीही जागेवर सापडतो.

हिंगणघाटचा_कापूस

इतवारीची_लेक ताई, किमतीचे तुमचे गणित मला मान्य आहे. पण तेथे मला जे मिळाले ते गावाकडे मिळत नाही, आणि ते म्हणजे लक्ष. लग्नसराईत आपला शिंपी कापड ठेवून घेतो, “परवा या” म्हणतो, आणि तो परवा महिनाभर येत नाही. ट्रायलला तर बोलावतच नाही. सूट एकदम काज-बटणे लावूनच हातात येतो. तेथे एका आठवड्याच्या आत तीन वेळा अंगावर घालून दुरुस्त करून देतात. मी पैसे त्याचे दिले असे समजतो.

निवृत्त_कटिंगमास्टर_पुसद

दोघांचेही खरे आहे. “परवा या” म्हणणाऱ्याची बाजू एवढीच, की कोट बांधणारे कारागीर तालुक्याच्या गावी आता उरलेले नाहीत. तयार कपड्यांची दुकाने आली, मुले या धंद्यात शिरेनाशी झाली, आणि लग्नाच्या तीन महिन्यांत सगळे गाव एकदम सूट मागते. कच्च्या शिलाईवर ट्रायल द्यायची असेल तर दिवाळी होताच कापड टाकावे. तसे केलेले गिऱ्हाईक माझ्या दुकानातून कधी कुरकुरत गेले नाही.

वणीकर_प्रवासी

आमची स्कीम बँकॉक-पटायाची होती. तेथला प्रकार वेगळा आहे, तो इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून लिहितो.

राजवाड्याच्या परिसरात टुकटुकवाला गाठतो आणि सांगतो की राजवाडा आज बंद आहे, त्याऐवजी मी तुम्हाला नाममात्र पैशांत शहर दाखवतो. मग तो रत्नांच्या दुकानात आणि शिंप्याच्या दुकानात नेऊन बसवतो, कारण तेथे त्याचे कमिशन ठरलेले असते. राजवाडा बहुधा उघडाच असतो. ही युक्ती फार जुनी आहे आणि तरीही रोज चालते. आमच्यापैकी एकाने अशाच एका दुकानात “दोन सूट, दोन शर्ट, दोन टाय” असे पॅकेज घेतले. माप घेणारा अस्खलित हिंदीत बोलला, घरची चौकशी केली, चहा पाजला, आणि पूर्ण रक्कम आगाऊ घेतली. सूट हॉटेलवर निघायच्या दिवशी पहाटे आले. बाही बोटांपर्यंत आली होती.

हिंदी बोलणारा भेटला म्हणून निर्धास्त होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. बँकॉकच्या शिंपीकामात भारतीय वंशाचे, विशेषतः शीख दुकानदार पुष्कळ आहेत आणि त्यांत पिढ्यान्पिढ्या नाव राखलेली चांगली दुकानेही आहेत. सुखुमवित रस्त्याच्या बाजूला ती अधिक आहेत. कापडच पाहायचे असेल तर चायनाटाउनजवळ पाहुरात नावाचा बाजार आहे, तेथे गुरुद्वाराही आहे आणि वरण-भाताची आठवण झालीच तर पोट भरण्याची सोयही. निम्म्यापेक्षा जास्त आगाऊ देऊ नये आणि टुकटुकवाल्याने नेलेल्या दुकानात मुळीच शिवू नये.

केंद्रवाला_घाटंजी

एवढे सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते. कापडाची परीक्षा कशी करावी ते कोणी सांगेल काय? मागच्या खेपेच्या विक्रेत्यांनी “सुपर १५०, इटालियन” असे सांगितले होते. बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग मी वाचू शकतो, कापडाचे काही कळत नाही.

इतवारीची_लेक

सुपरचा आकडा लोकरीच्या तंतूचा बारीकपणा सांगतो. कापडाची मजबुती किंवा टिकाऊपणा त्यातून कळत नाही. आंतरराष्ट्रीय लोकर संघटनेच्या संकेतानुसार सुपर १०० म्हणजे तंतूची सरासरी जाडी जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन, सुपर १२० म्हणजे १७.७५ आणि सुपर १५० म्हणजे १६.२५. आकडा चढतो तसे कापड तलम होते, महाग होते आणि नाजूकही होते. लग्नानंतर तोच सूट तुम्ही बाजार समितीच्या कार्यक्रमाला, शाळेच्या सत्काराला घालणार असाल तर १०० ते १२० पुष्कळ झाले. त्यातही हा आकडा लोकरीपुरताच आहे. पॉलिएस्टरच्या काठावर “सुपर १५०” छापलेले मी नागपुरातही पाहिले आहे, त्यामुळे काठावरची इटालियन अक्षरे पुरावा म्हणून धरू नका.

खात्री करायची असेल तर ताक्याच्या कडेचे चार धागे मागून घ्या आणि दुकानाबाहेर काडीने पेटवा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर केली की ती लवकर विझते आणि राख बोटांनी चुरडते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी होते. मिश्रण असेल तर दोन्ही लक्षणे थोडी थोडी दिसतात. धागे द्यायला दुकानदार नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे. आणि जे कापड पसंत केले त्याचा लहानसा तुकडा कापून बिलाला टाचून घ्या, म्हणजे शिवताना ताका बदलला तर कळेल.

ब्रह्मपुरीचा_उन्हाळा

सगळे बरोबर चालले आहे, पण मंडळी, लग्न एप्रिलअखेर आहे. पारा ४३-४४ अंशांवर, मंडपात बसलेले दोन कूलर वऱ्हाडाकडे तोंड करून, आणि नवरदेव तीन कपड्यांच्या पॉलिएस्टरच्या सुटात. मुहूर्त टळून तासभर झाला तरी वरात बँडसमोरच नाचते आहे. अशा वेळी सूट कोठे शिवला यापेक्षा नवरदेवाला इलेक्ट्रॉल कोणी दिले हे महत्त्वाचे ठरते.

अकोलेकर_दुबई

ब्रह्मपुरीकरांची थट्टा बाजूला ठेवली तरी मुद्दा खरा आहे, आणि मी उन्हाच्याच देशात राहतो म्हणून त्यावर लिहितो.

उन्हाळ्यासाठी लोकर नको असे आपल्याकडे समजतात, ते पूर्ण बरोबर नाही. पीळ जास्त दिलेल्या सुताची, उघड्या विणीची हलकी लोकर घाम शोषते, वारा आत येऊ देते आणि चुरगळत नाही. मीटरला २५० ग्रॅमच्या आसपासचे कापड मागावे. लिनन सर्वांत थंड असते, पण गाडीतून उतरेपर्यंत त्याच्या घड्या पडतात. गरम होते ते मुख्यतः पॉलिएस्टरने आणि पूर्ण अस्तराने, कारण स्वस्तातले अस्तरही पॉलिएस्टरचेच असते. म्हणून कोटाला फक्त खांदे आणि बाह्यांपुरते अस्तर लावायला सांगा. यात शिंप्याची परीक्षाही होते. अस्तर नसले की आतल्या शिवणी दिसतात आणि त्या स्वच्छ बांधाव्या लागतात.

दुबईचे विचाराल तर बर दुबईतला मीना बाजार आणि सतवा हे दोन भाग शिंप्यांचे. कारागीर बहुतेक भारतीय आणि पाकिस्तानी, त्यामुळे बोलण्याची अडचण नाही आणि कापड निवडायला भरपूर. पण दुकानांची भाडी वाढली तशी शिलाईही वाढली. केवळ सूट शिवायला येथे येण्यात आता अर्थ नाही. नातेवाइकांकडे मुक्कामी आला असाल आणि आठवडाभर वेळ असेल तर जरूर शिवा.

मोहाडीकर

एप्रिलच्या लग्नाला माझी सूचना अशी की मुलाला सूट नकोच, कोशाचा बंदगळा शिवा. आमच्या भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव भागात कोसा म्हणजे टसर रेशमाचे कापड हातमागावर विणले जाते. त्याचा नैसर्गिक मधाळ रंग बोहल्यावर शोभतो, रंग देण्याचीही गरज पडत नाही, आणि सुनेच्या करवतकाठी साडीबरोबर तो जुळूनही येतो. घाटंजीहून व्हिएतनामला जायचे आणि तेथून भिलवाड्यासारखेच पॉलिएस्टर आणायचे, त्यापेक्षा कोसा तेथे घेऊन जाऊन शिवून आणला तरी चालेल. स्वतःचे कापड दिल्यास फक्त शिलाई घेणारी दुकाने तेथे असतील ना?

हिंगणघाटचा_कापूस

आहेत, पण सगळी तयार होत नाहीत, कारण नफ्याचा मोठा भाग कापडातच असतो. आधी विचारून घ्यावे.

निवृत्त_कटिंगमास्टर_पुसद

कोसा परक्या कारखान्यात देऊ नये असे माझे मत आहे. हातमागाच्या टसरचा धागा गाठाळ आणि जाडाबारीक असतो, कापलेल्या कडा लगेच सुटतात आणि मुंढ्यासारख्या ताण पडणाऱ्या जागी शिवण सरकते. त्याला आधी पाणी दाखवून आटवून घ्यावे लागते, मागून सुती मलमल किंवा अगदी हलके बकरम द्यावे लागते, माया रुंद ठेवावी लागते. ज्याने हे कापड हाताळलेले आहे त्यालाच ते कळते. नागपूर-भंडाऱ्याकडे असे शिंपी आहेत. मोहाडीकरांची सूचना मात्र मला सुटापेक्षा सरस वाटते. पन्हा कमी असतो, तेव्हा कापड घेण्यापूर्वी शिंप्याला पन्हा सांगून किती मीटर लागेल ते विचारा. सुटाच्या कापडाचा अंदाज येथे चालत नाही.

प्राध्यापक_दर्यापूर

२४ तासांच्या सुटाची कीर्ती मुळात हाँगकाँगची. १९४९ नंतर शांघायचे कसबी शिंपी मोठ्या संख्येने हाँगकाँगला आले आणि कौलूनच्या चिम शा चुई भागात त्यांनी दुकाने थाटली. पुढे भारतीय, विशेषतः सिंधी व्यापारी या धंद्यात उतरले आणि पर्यटक व परदेशी सैनिक हे त्यांचे गिऱ्हाईक झाले. त्या काळी गोऱ्या गिऱ्हाइकाला तेथील दर फारच कमी वाटत. आज तेथली जागा आणि मजुरी दोन्ही महाग आहेत, त्यामुळे स्वस्ताईच्या शोधात निघालेले लोक बँकॉक आणि होई आनकडे वळले. इतवारीची_लेक यांनी वर मांडलेला मुद्दा या इतिहासाशी जुळतो. ही स्वस्ताई नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी मजुरीशी तुलना करून ठरलेली आहे.

रानमेवा_मेळघाट

सर, म्हणजे लवकरच गोरे पर्यटक सूट शिवायला दर्यापूरला येणार. मास्टरांनी दुकान पुन्हा उघडावे.

निवृत्त_कटिंगमास्टर_पुसद

येऊ द्या. त्यांनाही “परवा या” म्हणेन.

वणीकर_प्रवासी

एक राहून गेले. थायलंडमध्ये पर्यटकाला ७ टक्के व्हॅटपैकी काही भाग विमानतळावर परत मिळतो, पण त्या योजनेत नोंदलेल्या दुकानातून, एका दिवसात किमान २,००० बाथची खरेदी असावी लागते आणि दुकानातच अर्ज भरून घ्यावा लागतो. विमानतळावर पोहोचल्यावर विचारून उपयोग नाही. भारतात उतरताना आणलेल्या नव्या मालाच्या किमतीवर मर्यादा असते. २०१६ च्या बॅगेज नियमांत ती ५०,००० रुपये होती. निघण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर चालू मर्यादा पाहून घ्यावी. सूट अंगावर घालून आला तर प्रश्नच नाही, पण विमानात रात्रभर कोट घालून बसणारा विक्रेता मी अजून पाहिलेला नाही.

वरुडची_संत्री

बायकांचे कोणी काही लिहिले नाही म्हणून लिहिते. मी यजमानांबरोबर होई आनला गेले होते आणि तेथे लांब कोट शिवला, तो अप्रतिम झाला. व्हिएतनामी स्त्रियांचा आओ झाय हा पोशाख शिवण्याची तर तेथे परंपराच आहे. मुलींसाठी तो आणण्यासारखा आहे आणि दा नांगच्या हान बाजारातही तो फार झटपट शिवून मिळतो. मात्र साडीवरचा ब्लाऊज तेथे शिवू नका. त्यांनी नमुना पाहून हुबेहूब शिवून दिला, पण आपल्या बाईला पाठीचा गळा किती उतरवायचा, बाही दंडात किती घट्ट ठेवायची, हे शब्दांत सांगता येत नाही. तो शेवटी वरुडलाच उसवला.

केंद्रवाला_घाटंजी

सर्वांचे आभार. घरी सगळा धागा वाचून दाखवला. मुलाचा कोशाचा बंदगळा करायचे ठरले आहे. पुढच्या आठवड्यात मोहाडीला जाऊन कापड पाहणार आहोत, मोहाडीकर भाऊ, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवतो. मी स्वतःसाठी होई आनला पूर्ण सूट न शिवता फक्त हलक्या लोकरीचा, अर्ध्या अस्तराचा ब्लेझर शिवावा म्हणतो. पँट इथेच.

आता वेळेचा प्रश्न राहिला. कार्यक्रमपत्रिकेत होई आन दुसऱ्या संध्याकाळी आहे, नंतर एक दिवस पहाडावरच्या सहलीचा, आणि परतीच्या आदल्या दिवशी कंपनीची सभा. एवढ्यात दोन ट्रायल बसतील काय? आणि माप त्यांच्याकडे राहिले तर पुढे व्हॉट्सॲपवरून दुसरा सूट मागवता येतो काय?

हिंगणघाटचा_कापूस

बसवाव्या लागतील. गटाची वाट न पाहता पहिल्याच दिवशी, दा नांगला सामान टाकताच, टॅक्सीने होई आनला जा आणि माप देऊन या. पाऊण तासाचा रस्ता आहे. दुसऱ्या संध्याकाळी गट तेथे पोहोचेल तेव्हा तुमची पहिली ट्रायल होईल. पहाडावरची सहल सकाळी निघून दुपारनंतर परतते, त्या संध्याकाळी दुसरी. काही दुकाने ट्रायलसाठी कपडा दा नांगच्या हॉटेलवर आणून देतात, पण आरशासमोर माप घेणारी मुलगी स्वतः उभी असणे बरे. उरलेले पैसे शेवटच्या ट्रायलनंतरच द्या.

व्हॉट्सॲपवरून मागवता येतो, पुष्कळ लोक मागवतातही. पण कुरियर आणि आयात शुल्क जमेस धरले की तो स्वस्त राहत नाही, आणि केळवणांनंतरचे माप त्यांच्याकडे नसते.

ब्रह्मपुरीचा_उन्हाळा

ब्लेझर आणताना बॅगेत कसा ठेवायचा? माझ्या मेहुण्याने आणलेल्या कोटाचे खांदे घरी येईपर्यंत बसून गेले होते.

निवृत्त_कटिंगमास्टर_पुसद

कोट उभा धरून एक खांदा आतून बाहेर उलटा करावा, दुसरा खांदा त्याच्या पोटात बसवावा, म्हणजे अस्तर बाहेर येते आणि खांद्याला खांद्याचा आधार मिळतो. मग लांबीच्या बाजूने एकच घडी घालून सर्वांत वर ठेवावा. हवा काढून चपट्या होणाऱ्या पिशवीत कधी घालू नये. घरी आल्यावर जाड हँगरला टांगावा, गरम पाण्याची वाफ कोंडलेल्या न्हाणीघरात थोडा वेळ ठेवला की सुरकुत्या जातात. लोकरीवर थेट इस्त्री फिरवू नये, मध्ये ओले सुती फडके असावे. वरचेवर ड्रायक्लीन करू नये, ब्रशने झाडणे पुरते. पावसाळ्यापूर्वी मात्र स्वच्छ करून, डांबराच्या गोळ्या घालून सुती पिशवीत ठेवावा, नाहीतर कसर लागते, आणि ती नेमकी छातीवरच लागते.

आणखी एक. नव्या कोटाचे खिसे टाके घालून बंद केलेले असतात आणि पाठीच्या चिरेवर फुलीचा एक टाका असतो. ते टाके फक्त कोट दुकानातून घरी येईपर्यंत त्याचा आकार राहावा म्हणून घातलेले असतात, घालण्यापूर्वी ते ब्लेडने हलकेच उसवावेत. आपल्याकडे निम्मे वरपिते ती फुली तशीच पाठीवर घेऊन मंडपात फिरत असतात.